तेलकट चेहरा आणि सुगंधी तेलाची मात्रा

सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याच्या कपाळावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंस दुपारपर्यंत तेलाची तकाकी चढत नाही, असा मुलगा किंवा मुलगी आपल्या हवेत विरळाच. आणि तरीही ही तकाकी म्हणजे काही अपराध असून तिचा तात्काळ बंदोबस्त झाला पाहिजे, अशी समजूत जाहिरातदारांनी इतक्या चिकाटीने रुजविली आहे की, शाळकरी मुलांच्या खिशातही आता तेल टिपणारे कागद सापडतात. साबण, फेसवॉश, मातीचे लेप आणि खरबरीत दाणेदार मलमे यांच्या पंक्तीत अलीकडे बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्यांची भर पडली आहे. त्यांत टी ट्री, लॅव्हेंडर, लिंबू, गवती चहा यांची सुगंधी तेले असतात. त्यांना दुकानदार इसेन्शियल ऑइल म्हणतो, आणि ती वनस्पतीपासून काढलेली असल्यामुळे त्यांपासून अपाय संभवत नाही असे आश्वासन मागितल्यावाचून देतो. माझा आक्षेप त्या तेलांना नाही, त्या आश्वासनाला आहे. ही तेले तेलकट त्वचेवर आणि मुरुमांवर काही काम करीत असतील, तर ते ती औषध म्हणून करतात. आणि जे औषध म्हणून काम करते त्याला मात्रा, मुदत आणि निषेध यांची जी शिस्त लागू असते, तीतून केवळ सुवासाच्या शिफारशीवर कोणाचीही सुटका होऊ नये.

आधी त्या तकाकीची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. तळहात आणि तळपाय वगळता आपल्या सर्वांगाच्या त्वचेत तैलग्रंथी पसरलेल्या आहेत, आणि चेहऱ्यावर तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या 400 ते 900 पर्यंत भरते. त्यांतून पाझरणारा स्नेह हा ट्रायग्लिसराइडे, मेणासारखी एस्टरे आणि स्क्वालीन यांचे मिश्रण असतो. तो केसांना व कातडीला मऊपणा देतो आणि पृष्ठभागावरील आम्लधर्मी आवरणास हातभार लावतो. बाळ जन्मते तेव्हा या ग्रंथी जाग्या असतात, मग काही वर्षे निद्रिस्त राहतात, आणि आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास अधिवृक्क ग्रंथींचे अंतःस्राव वाढू लागले की पुन्हा कामास लागतात; पौगंडावस्थेत त्यांच्या उद्योगास भर येतो. म्हणजे या खात्याला हुकूम वरून, रक्तातील पुरुषी अंतःस्रावांकडून सुटतो, आणि चेहरा दिवसातून सहा वेळा धुतल्याने त्या हुकमाचा एक शब्दही बदलत नाही. हवामानाचा वाटा मात्र खरा आहे. त्वचेचे तापमान एका अंशाने वाढले तर स्नेहस्राव सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, असे 1970 साली ब्रिटिश संशोधकांनी मोजून दाखविले होते. मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाचे पाणी त्या स्नेहाला चेहराभर पसरविते तेव्हा आरशात दिसणारे रूप हे पुष्कळसे भूगोलाचे देणे असते. तेलकट त्वचा हा रोग नव्हे. रोग सुरू होतो तो रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते, आत तुंबलेल्या स्नेहावर तेथलेच नित्यनिवासी जंतू पोसतात आणि दाह उठतो तेव्हा; त्यालाच आपण मुरूम म्हणतो.

आपल्या परंपरेने या बाबतीत काय सांगितले, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे निघतो. कारण तपकिरी बाटलीवर हल्ली आयुर्वेदाची मोहोर उमटविण्याचा शिरस्ता पडला आहे. सुश्रुताने मुखदूषिकांची, म्हणजे तारुण्यात तोंडावर उठणाऱ्या पिटिकांची, गणना क्षुद्ररोगांत केली आणि त्यांच्या मुळाशी कफ, वात व रक्त यांची दुष्टी मानली. वाग्भटाने अभ्यंगाची स्तुती मुक्तकंठाने केली खरी, परंतु कफग्रस्ताला तोच अभ्यंग वर्ज्य ठरविला, आणि कफ व मेद हटविणारे म्हणून कोरड्या चूर्णाच्या उद्वर्तनाचा गुण गायिला. मुरुमांवर ग्रंथकारांनी सुचविलेला प्रसिद्ध लेप लोध्र, धने आणि वेखंड यांचा आहे. त्यात तेलाचा थेंब नाही. आपल्याकडील दिवाळीच्या अभ्यंगस्नानातही क्रम असा की आधी तेल मुरवावयाचे आणि नंतर नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, चंदन यांच्या उटण्याने ते उतरवावयाचे. डाळीचे पीठ व सुगंधी मुळ्यांचे चूर्ण अंगावरील जादा स्नेह शोषून घेते, हे साबण येण्यापूर्वीच्या गृहिणींना कोणी रसायनशास्त्र न शिकविता ठाऊक होते. ज्यांना परंपरेचा अभिमान मिरवावयाचा आहे त्यांनी तिच्यातील निषेधही सोबत घ्यावेत. विधी तेवढा उचलावयाचा आणि निषेध गाळावयाचा ही व्यापाऱ्याची सोय झाली. शास्त्राला ती मान्य होण्यासारखी नाही.

किंबहुना आपल्या घरांतील पुष्कळ कपाळांवरील पुळ्यांचे मूळ डोक्यावरील तेलात सापडण्याचा संभव आहे. केसांना चोपडलेली स्निग्ध द्रव्ये कपाळावर ओघळून तेथे बारीक, एकसारख्या पुटकुळ्या उठवितात, हे अमेरिकेत प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी 1970 साली नोंदविले आणि त्या प्रकाराला पोमेडचा मुरूम असेच नाव दिले. खोबरेल हे उत्तम तेल आहे; कोरड्या केसांना आणि हिवाळ्यात फुटणाऱ्या पायांना त्याच्याइतका स्वस्त सोबती नाही. परंतु ज्याच्या चेहऱ्यावर आधीच तेल वाहते आहे त्या मुलाने रात्री डोके माखून त्याच उशीवर गाल टेकावयाचा, आणि सकाळी मुरुमांवर टी ट्रीचा थेंब शोधावयाचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा. कोंडा झाला म्हणून तेल वाढविणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते: कोंड्याशी संबंध असलेली मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी स्निग्ध आम्लांवरच जगते.

सुगंधी तेले ही खोबरेल किंवा तिळेल यांच्या कुळातील नव्हेत, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. तिळेल कागदावर सांडले तर डाग राहतो; निर्भेळ लॅव्हेंडर सांडले तर बहुतांशी उडून जाते, कारण त्यात स्निग्ध आम्ले नसून टर्पीन वर्गातील बाष्पनशील द्रव्ये असतात. त्यांमुळे रंध्रे तुंबत नाहीत, हा त्यांचा गुण. परंतु हीच लहान व चपळ द्रव्ये त्वचेच्या आवरणातून सहज आत शिरतात, आणि पानाफुलांच्या मोठ्या ढिगाचे सत्त्व एका थेंबात एकवटलेले असल्याने त्या थेंबाची तीव्रता आपण हुंगतो त्या फुलाच्या हिशेबाने मोजता येत नाही. लवंग चघळणे निराळे आणि लवंगेचे तेल गालावर लावणे निराळे. दुसऱ्या प्रयोगाने कातडी भाजल्यासारखी होते.

या तेलांना चिकित्सेत प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय रेने-मोरिस गाटफोसे या फ्रेंच रसायनज्ञाला दिले जाते. 1910 साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजल्यानंतर लॅव्हेंडरच्या तेलाचा त्याने स्वतःवर उपयोग केला, आणि 1937 साली लिहिलेल्या ग्रंथाने अरोमाथेरपी हे नाव रूढ केले. परंतु एका माणसाच्या अनुभवाला पुरावा म्हणण्याइतके आपण भाबडे असू नये. पुरावा म्हणावा असे काही या क्षेत्रात असेल तर ते टी ट्रीपाशी आहे. न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य किनाऱ्यावरील पाणथळ भागात उगवणाऱ्या या झुडपाची पाने ठेचून जखमांवर बांधण्याची रीत तेथील बुंडजालुंग लोकांत पूर्वापार होती; 1920च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनज्ञाने त्या पानांच्या तेलाचे पृथक्करण करून ते तत्कालीन कार्बोलिक आम्लापेक्षा कितीतरी पट जंतुघ्न असल्याचे दाखविले. मग 1990 साली सिडनीतच 124 मुरूमग्रस्तांवर पाच टक्के टी ट्रीचा जेल आणि पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोहोंनी मुरूम कमी झाले. टी ट्रीने सावकाश, परंतु सालपटे निघणे, आग होणे हे त्रासही त्याने कमी दिले. पुढे 2007 साली इराणमधील 60 रुग्णांवर पाच टक्के जेल आणि निव्वळ बिनऔषधी जेल अशी पंचेचाळीस दिवसांची परीक्षा झाली, तिचा वृत्तांत भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्याच नियतकालिकात प्रसिद्ध आहे, आणि तिचा निकालही टी ट्रीच्या बाजूने लागला.

या साक्षीचा अर्थ मात्र नेमका लावला पाहिजे. दोन्ही परीक्षांत मात्रा पाच टक्के होती, बाटलीतले निर्भेळ तेल कोणाच्याही गालावर ओतले नव्हते. रुग्ण सौम्य वा मध्यम मुरुमांचे होते. आणि गुण यावयास आठवडे लागले. लाभ झाला तो मुरुमांना. तैलग्रंथींचा पाझर आटविण्याचे सामर्थ्य या तेलात आहे असे त्यांतून निघत नाही, आणि ‘तेलकटपणा कायमचा घालवा’ ही ललकारी म्हणूनच बिनपुराव्याची राहते. शिवाय उघड्या बाटलीत हवा व उजेड लागून टी ट्रीचे तेल बिघडते, आणि बिघडलेले तेल ताज्यापेक्षा अधिक ॲलर्जी उत्पन्न करते. लॅव्हेंडरमधील लिनलूल व लिंबाच्या सालीतील लिमोनीन यांचीही हीच रीत आहे. दोन वर्षांपूर्वी आणलेली आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेली बाटली ‘अजून वास येतो आहे’ एवढ्या प्रमाणपत्रावर वापरणे धोक्याचे. हे तेल पोटात गेल्यास विषारी ठरते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात ते कुलपात असावे.

टी ट्रीच्या ऑस्ट्रेलियन कीर्तीने दिपून जाताना आपल्या खानदेशच्या रोशाचे स्मरण कोणी करीत नाही, याची मला किंचित खंत वाटते. सातपुड्याच्या उतरणीवर आणि निमाडात आपोआप माजणाऱ्या या गवताचे तेल भट्ट्यांवर काढून मुंबईच्या बंदरातून बाहेर जाई, आणि तेथून तुर्कस्तानात पोहोचल्यावर गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्याच्या कामी येई. त्या व्यापारात त्याला चक्क तुर्की जिरेनियमचे तेल म्हणत. गुलाबाशी त्याचे हे साम्य अकारण नाही, कारण त्यातील तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग जिरॅनिऑलचा असतो, आणि तेच द्रव्य गुलाबाच्या सुवासातही असते. आज याच तेलाला पामारोझा म्हणून तेलकट त्वचेसाठी विकतात. जंतूंवर त्याचा परिणाम परीक्षानळीत दिसतो. परंतु परीक्षानळीला गाल नसतो, आणि टी ट्रीच्या तोलाची माणसांवरील परीक्षा रोशाच्या पाठीशी उभी नाही. उलट जिरॅनिऑल हे युरोपीय कायद्याने ॲलर्जीकारक म्हणून नावाने नमूद करावयास लावलेल्या सुगंधद्रव्यांपैकी एक आहे. तेव्हा खानदेशच्या अभिमानापोटीही मी रोशाचे तेल कोणाच्या तोंडाला लावण्याची शिफारस करणार नाही. साबणाला व अंगाच्या अत्तराला त्याने खुशाल सुगंध द्यावा.

लिंबाविषयी तर मी याहून कठोर आहे. तेलकट चेहऱ्यावर अर्धे लिंबू चोळण्याचा सल्ला आपल्याकडे आजीपासून आलेला म्हणून पवित्र मानला जातो. कागदी लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकुमरिन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर तेथे भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात, प्रसंगी फोड येतात आणि मागे काळसर डाग कित्येक महिने राहतात. बावचीच्या बियांनी कोडावर रंग आणण्याची जी प्राचीन चिकित्सा आहे ती याच जातीच्या द्रव्यावर आणि सूर्यप्रकाशावर चालते. जे द्रव्य पांढऱ्या डागावर रंग चढवू शकते ते निरोगी गालावर काय करील याचा विचार लिंबू चोळणाऱ्याने करावा. बर्गमॉटच्या तेलात हाच दोष इतका प्रबळ आहे की, सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याची मर्यादा 0.4 टक्के एवढी ठरविली. दाबून काढलेले तेल आणि वाफेने ऊर्ध्वपातित केलेले तेल यांत या बाबतीत महदंतर असते, कारण ही जड द्रव्ये वाफेबरोबर वर येत नाहीत. परंतु आपल्याकडील किती लेबलांवर ही एवढी माहिती छापलेली असते, हे वाचकांनी आपापल्या बाटल्या पाहून ठरवावे.

एवढे सांगूनही ज्यांना सुगंधी तेल वापरावयाचेच आहे त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. सर्वसाधारण थेंबणीतून एका मिलिलिटरात वीसेक थेंब पडतात, म्हणजे 5 मिलिलिटर आधारतेलात एक थेंब घातला की सुमारे एक टक्का झाला. चेहऱ्याला आरंभी याहून अधिक नको. आधारतेल म्हणून होहोबा बरे, कारण ते रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेणच असून आपल्या स्नेहातील मेणाशी त्याचे गोत्र जुळते. मूळचे अमेरिकेतील सोनोरन वाळवंटातील हे झुडूप आता राजस्थानातही लावतात. तथापि ज्याचा चेहरा आधीच निथळतो आहे त्याने आधारतेलाच्या वाटेस न जाता औषधी दुकानातील पाच टक्क्यांचा तयार जेल घ्यावा, तो आधी कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर लावून पाहावा, आणि खाज वा लाली दिसताच सोडून द्यावा. डोळ्यांच्या कडा, ओठ आणि फुटलेले मुरूम यांपासून ही तेले लांब ठेवावीत.

बाकीच्या निगेविषयी फार बोलण्यासारखे नाही, आणि तेच तिचे भूषण आहे. दिवसातून दोनदा सौम्य क्षालकाने तोंड धुवावे. अंगाच्या साबणाचा पीएच 9 ते 10 आणि त्वचेचा 5च्या आसपास, म्हणून तो साबण चेहऱ्यावर वारंवार घासू नये. रंध्रांतील बूच सैल करावयास दोन टक्क्यांपर्यंतचे सॅलिसिलिक आम्ल उपयोगी, कारण ते तेलात विरघळून आत पोहोचू शकते. दोन टक्के नायसिनामाइडने स्नेहस्राव काहीसा उतरतो. मुलतानी माती आठवड्यातून एकदा लावावयास हरकत नाही. ती वरचे तेल टिपते, मात्र तिचा अंमल संध्याकाळपर्यंतच चालतो. तेलकट त्वचेलाही हलका, पाण्यासारखा मॉइश्चरायझर लागतो, विशेषतः मुरुमांची औषधे चालू असताना. आणि उन्हात जाताना जेलरूप सनस्क्रीन. या साऱ्याला जो खर्च येतो तो तीन सुगंधी बाटल्यांच्या किमतीहून बहुधा कमीच भरतो.

खरा प्रश्न दुकानाच्या फळीवरचा आहे. 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या स्वच्छता, सौंदर्य आणि रूपबदल एवढ्यापुरती आखली आहे. रोग बरा करण्याचा दावा सुरू झाला की वस्तू औषधाच्या हद्दीत शिरते आणि तिला औषधाचा परवाना लागतो. हद्द कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ‘मुरुमांवर गुणकारी’ हे शब्द लेबलाच्या एका कोपऱ्यात आणि ‘सौंदर्यप्रसाधन’ हे दुसऱ्या कोपऱ्यात सुखाने नांदतात, आणि दावा औषधाचा, जबाबदारी अत्तराची अशी दुहेरी सवलत विक्रेता उपभोगतो. युरोपात 2005 पासून 26 सुगंधद्रव्यांची नावे, ठराविक प्रमाणापलीकडे ती असल्यास, आवेष्टनावर छापणे भाग आहे आणि 2023 साली ही यादी 80च्या वर नेण्यात आली. आपल्याकडे निदान वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तेल काढण्याची रीत व महिना, बाटली उघडल्यानंतरची मुदत, आणि ‘पातळ केल्यावाचून त्वचेस लावू नये’ ही सूचना मराठीत व ठळक अक्षरांत असावी, एवढी मागणी जास्तीची म्हणता येणार नाही. टी ट्रीच्या बाबतीत तर टर्पिनेन-4-ऑल किती आणि सिनिओल किती याचे आंतरराष्ट्रीय मानक तयारच आहे. ते आकडे छापावयास उत्पादकाला शाईखेरीज काही खर्च नाही.

अशी सक्ती आपल्याकडे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना 2018 सालची आठवण द्यावीशी वाटते. गोरेपणासाठी आणि मुरुमांसाठी म्हणून सर्रास खपणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमांनी हजारो चेहरे लाल, पातळ आणि नव्या मुरुमांनी भरलेले करून सोडल्यावर, त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लावलेल्या तगाद्यानंतर केंद्र सरकारने त्या वर्षी 14 स्टेरॉइड द्रव्यांच्या मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. अंमलबजावणी अपुरी आहे हे कोणत्याही औषधी दुकानात उभे राहिल्यावर कळते. परंतु तक्रार नोंदवावयास निदान एक कलम हाताशी आले. सुगंधी तेले इतकी घातक नाहीत, म्हणून त्यांना चिठ्ठीची गरज नाही, लेबलाची आहे.

आणि एक वर्ग असा आहे की त्याने या लेबलांचीही वाट पाहू नये. ज्या मुलीच्या चेहऱ्यावरील तेलाबरोबर हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत, पाळी महिनोन्‌महिने चुकते आहे, वजन वाढते आहे, तिच्या तैलग्रंथींना मिळणारा हुकूम अंडाशयाच्या विकारातून सुटत असण्याचा संभव असतो. तिला तपासणीची गरज आहे. ज्याच्या मुरुमांच्या गाठी होऊन खोल खड्डे पडत आहेत त्या मुलालाही हेच लागू, कारण पडलेला व्रण पुढे कोणत्याही तेलाने भरून येत नाही, आणि ॲडापलिनपासून आयसोट्रेटिनॉइनपर्यंतची औषधे वेळेवर व वैद्यकीय देखरेखीखाली मिळाली तर तो टळू शकतो. आयसोट्रेटिनॉइन गर्भास घातक असल्याने ते डॉक्टरांच्या हुकमाबाहेर कदापि घेऊ नये, परंतु तैलग्रंथींचा पाझर खरोखर आटविणारे औषध पाहू गेल्यास तेच मुख्य आहे. घरच्यांनी ‘वय झाले की जातील’ म्हणून अशा मुलांना दोन-दोन वर्षे थोपवून धरू नये. सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात ही तपासणी अल्प खर्चात होते.